प्रतिसाद: तांबं-ॲल्युमिनियमचा जोड
‘खांबांवरच्या तारा ॲल्युमिनियमच्या, कारण ते स्वस्त’ हे वरचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, पण घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि तांब्याची ८.९६. म्हणजे तेवढ्याच वजनात ते तांब्याच्या जवळपास दुप्पट वीज वाहून नेतं. ताण सोसायला अनेक तारांमध्ये पोलादी गाभा असतोच.

खरी काळजी जोडाची, आणि ते इथे कुणी लिहिलेलं नाही. मीटरपर्यंतची सर्व्हिस केबल बहुधा ॲल्युमिनियमची, घरातलं वायरिंग तांब्याचं. दोन्ही नुसती पिळून जोडली तर ओल लागताच ॲल्युमिनियम गंजत जातं, ऑक्साइडच्या थरामुळे रोध वाढतो आणि जोड तापतो. आमच्या इमारतीत अशा एका जोडावरचं इन्सुलेशन वितळलं होतं. कोकणातल्या दमट हवेत राहत असाल तर वायरमनकडून बायमेटॅलिक लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेला जोडतुकडा) आवर्जून लावून घ्या.