नास्तिकांची गाणी सारखी देवाशीच का बोलतात?

उलटी_तान

एक मत मांडतोय, हवं तर फोडून काढा.

नास्तिकतेतून थोर गाणं निघत नाही. धर्मावर चिडलेली उत्तम गाणी भरपूर आहेत, पण त्यातली बहुतेक नास्तिक नाहीतच. एक्सटीसी या इंग्लिश बँडचं 'डिअर गॉड' (१९८६) घ्या. नास्तिकांच्या आवडत्या गाण्यांच्या कुठल्याही यादीत ते सापडतं. गाणं म्हणजे देवाला लिहिलेलं पत्र, आणि सुरुवात लहान मुलीच्या आवाजात. जगात एवढं दुःख का, असा जाब विचारत विचारत शेवटी 'तुझ्यावर माझा विश्वास नाही' हे त्यालाच ऐकवलंय. जो नाहीच त्याला पत्र लिहायचं कशाला? डिपेश मोड या इंग्लिश बँडच्या 'ब्लास्फेमस रूमर्स'मध्ये (१९८४) देवाची विनोदबुद्धी विकृत असल्याची तक्रार आहे. तक्रार करायला समोर कुणीतरी लागतो. अमेरिकी गायक-गीतकार रँडी न्यूमनच्या 'गॉड्स साँग'मध्ये (१९७२) तर खुद्द देवच गातो आणि माणसांना हसतो. तिन्ही गाणी मला आवडतात, न्यूमनचं तर फारच. पण ही भांडणं आहेत, आणि इतकं जिवाच्या आकांतानं भांडण घरातल्या माणसाशीच होतं.

आता देव खरोखर वजा केलेलं गाणं बघा. बीटल्सवाल्या जॉन लेननचं 'इमॅजिन' (१९७१). चाल बाजूला ठेवून नुसते शब्द वाचले तर जाहीरनामा वाटतो. त्याचंच आधीच्या वर्षीचं 'गॉड' कितीतरी सरस आहे. त्यात बायबल, येशू, बुद्ध, गीता, मंत्र, योग, एल्व्हिस आणि शेवटी बीटल्स, सगळ्यांवरचा विश्वास तो एकेक करून नाकारतो. पण तो नकार चालतो कसा? जपासारखा! तेच पालुपद, दर ओळीला एक नाव.

धर्माकडे शेकडो वर्षांत साठलेले आकार आहेत: स्तुती, विलाप, आळवणी, नामजप. नास्तिकाकडे स्वतःचा एकही नाही. स्टीव्ह मार्टिन या अमेरिकी विनोदवीरानं यावरच 'एथिस्ट्स डोन्ट हॅव नो साँग्स' नावाची थट्टा केली. नास्तिकांकडे गाणीच नाहीत हे सांगणारं गाणं, आणि तेही चर्चमधल्या समूहगायनाच्या ढंगात. हसू येतं, कारण खरं आहे.

शंकासुर

साफ असहमत. तुम्ही आधीच व्याख्या अशी केलीत की उत्तर तुमच्याच बाजूनं पडावं.

देव नसलेलं गाणं आणि 'देव नाही' असं बजावणारं गाणं यात फरक आहे. जगातली निम्म्याहून जास्त गाणी प्रेम, विरह, दारू, पाऊस, काम आणि घरची आठवण यांची आहेत. त्यात देवाचा पत्ता नसतो आणि कुणाला तो चुकल्यासारखाही वाटत नाही. ही देवाविना उभी असलेली गाणी नव्हेत का? नास्तिक माणूस चोवीस तास नास्तिकपणा करत बसत नाही हो.

आणि नेमकं उदाहरणच हवं असेल तर टिम मिंचिन या ऑस्ट्रेलियन विनोदी गायकाचं 'व्हाइट वाइन इन द सन' ऐका. माणूस उघड नास्तिक आहे, पोपवर शिव्यांनी भरलेलं गाणंही त्यानं केलंय (ते एकदा ऐकून पुरतं). पण हे गाणं नाताळाचं आहे. येशूवर श्रद्धा नाही, तरी उन्हाळ्यातल्या त्या दिवशी घरची सगळी माणसं भेटणार म्हणून तो हळवा होतो. तान्ह्या लेकीला सांगतो, तू जगात कुठंही असलीस तरी ही माणसं तुझी वाट बघत असतील. देवाशी संवाद नाही, तक्रार नाही, आणि तरी गळा दाटून येतो.

उलटी_तान

सण कुणाचा आहे पण?

शंकासुर

म्हणजे छापा पडला तरी तुम्ही जिंकलात, काटा पडला तरी तुम्हीच! धर्माचा आकार घेतला तर उधारी, नाही घेतला तर 'ते मुळात नास्तिक गाणंच नाही'.

आकारांचंच काढलंत तर धर्मानंही ते इकडून तिकडून उचललेत. १९०६ सालचं 'इंग्लिश हिम्नल' हे प्रार्थनागीतांचं पुस्तक बघा. त्याचा संगीत-संपादक राल्फ व्हॉन विल्यम्स, जो केंब्रिजमध्ये नास्तिक होता आणि पुढे अज्ञेयवादाकडे झुकला. त्यानं खेड्यापाड्यांत गोळा केलेल्या लोकगीतांच्या चाली सरळ प्रार्थनांना लावल्या. शेतात आणि दारूच्या गुत्त्यात गायल्या जाणाऱ्या चाली चर्चमध्ये जाऊन बसल्या आणि भाविकांनी त्या मनोभावे गायल्या. मग उधारी कुणाची कुणावर?

खर्जातली

दोघंही गाणं ऐकणाऱ्याच्या खुर्चीतून बोलताय. गाणं वापरणाऱ्याच्या जागी जाऊन बघा.

जो हिल. स्वीडनमधून अमेरिकेत आलेला मजूर आणि कामगार संघटनेचा गीतकार. संघटनेचे लोक रस्त्याच्या कोपऱ्यावर भाषणं द्यायचे, आणि साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचे बँड येऊन मोठमोठ्यानं प्रार्थना वाजवत ती बुडवायचे. हिलनं काय केलं? त्यांच्याच एका लोकप्रिय प्रार्थनेच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवले. १९११ चं 'द प्रीचर अँड द स्लेव्ह'. आशय असा: आज उपाशी राहा, मेल्यावर आकाशात मिष्टान्न मिळेल. बँड वाजवतोय, चाल सगळ्यांच्या कानात आहे, मजुरांनी फक्त तोंड उघडायचं. पाठांतर नको, तालीम नको.

यात उधारी कसली? शत्रूची तोफ वळवून त्याच्यावरच डागणं आहे हे. उलटी_तान, तुम्हाला ही नास्तिकांची गरिबी दिसते. मला त्यात अक्कल दिसते. विडंबन हाच धर्मचिकित्सेचा स्वतःचा आकार आहे, आणि तो चांगला जुना आहे.

आणि याची किंमत मोजावी लागते, ती विसरू नका. १९६६ मध्ये 'आम्ही आता येशूपेक्षा लोकप्रिय आहोत' हे लेननचं मुलाखतीतलं एक वाक्य अमेरिकेत पोचलं आणि दक्षिणेकडे बीटल्सच्या तबकड्यांच्या होळ्या झाल्या. जर्मनीत राहणाऱ्या शाहीन नजफी या इराणी रॅपरवर २०१२ मध्ये एका गाण्यापायी इराणी धर्मगुरूंचे फतवे निघाले. त्याच वर्षी मॉस्कोच्या कॅथेड्रलमध्ये घुसून मिनिटभर गाणाऱ्या पुसी रायटच्या बायकांना दोन वर्षांची शिक्षा झाली. अशा वेळी 'पण आकार स्वतःचा होता का' हा प्रश्न मला जरा चैनीचा वाटतो.

मध्यलय

खर्जातली, जो हिलचं पटलं. बाकीची यादी मात्र नीट वेगळी करायला हवी.

पुसी रायटच्या त्या गाण्याला त्यांनीच 'पंक प्रार्थना' म्हटलं होतं. त्यात मेरीमातेला साकडं आहे: पुतिनला हाकलून दे. राग चर्च आणि सत्तेच्या साटंलोट्यावर होता. सिनेड ओ'कॉनरनं १९९२ मध्ये अमेरिकी टीव्हीवर थेट प्रक्षेपणात पोपचा फोटो फाडला, चर्चमधल्या बालशोषणाच्या निषेधार्थ. ती नास्तिक होती? मुळीच नाही. पुढे एका फुटीर कॅथलिक पंथाकडून तिनं धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि २०१८ मध्ये इस्लाम स्वीकारला. फोटो फाडला तो श्रद्धा होती म्हणून, असं मला वाटतं. आपल्याकडचे सत्यशोधक जलसेही असेच. भटशाहीवर एवढे कडाडले, पण ज्यांच्या विचारातून ते उभे राहिले ते जोतीराव फुले 'निर्मिक', म्हणजे जगाचा निर्माता, मानत होते. कबीराबद्दल तर बोलायलाच नको.

धर्मावर घाव घालणारं सर्वांत धारदार संगीत श्रद्धावंतांकडूनच आलंय.

उलटी_तान

हेच तर म्हणतोय मी सकाळपासून!

निरंजन_ज्योत

मी देव मानणारी आहे आणि वरची बरीच गाणी मला आवडतात. पण 'धर्मचिकित्सा' म्हणून सगळं खपवू नका. १९९० च्या दशकात नॉर्वेत ब्लॅक मेटल या कर्कश रॉक प्रकारातल्या काहींनी चर्च जाळली. शेकडो वर्षं जुनी लाकडी चर्च त्यात गेली. तेही बंडखोर संगीतच म्हणायचं का?

शंकासुर

नाही. जाळपोळ हा गुन्हा आहे, कुणी केली तरी. पण ती नास्तिकांच्या खात्यावर टाकू नका. त्यांच्यातले काही सैतानाचं नाव घेत होते, काही ख्रिस्तपूर्व देवतांचं. एक देव हटवून दुसरा बसवायचा होता त्यांना.

उघड नास्तिक बँड बघायचा तर बॅड रिलिजन बघा. १९८० पासूनचा लॉस एंजेलिसचा पंक बँड, नावातच सगळं आलं. गायक ग्रेग ग्रॅफिननं कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी केली, विषय उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञांचे धर्माविषयीचे विचार. त्यानं एका ख्रिस्ती इतिहासकाराशी ईमेलवर लांबलचक वाद घातला, त्याचं पुस्तक झालं. कुठं काही जाळलं नाही.

उलटी_तान

बँडचं बोधचिन्ह काय, तेही सांगा. क्रूस आणि त्यावर फुली! चाळीस वर्षं क्रूस मिरवतोय बिचारा.

अनवट

इतका वेळ वाचत होतो. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतायत, की गाण्यातली श्रद्धा म्हणजे गाणं रचणाऱ्याची श्रद्धा.

साहिर घ्या. नास्तिक म्हणूनच ओळखला जाणारा कवी. १९५८ मध्ये 'फिर सुबह होगी'साठी 'आसमाँ पे है ख़ुदा और ज़मीं पे हम' लिहितो, ज्यात देवाचं आपल्याकडे लक्षच नाही. आणि १९६१ मध्ये 'हम दोनों'साठी 'अल्ला तेरो नाम'. जयदेवची चाल, लताबाईंचा आवाज. आज ते लोक डोळे मिटून प्रार्थना म्हणून गातात. जावेद अख्तर जाहीरपणे स्वतःला नास्तिक म्हणवतात, आणि 'लगान'मधलं 'ओ पालनहारे' त्यांचंच.

चित्रपटाचा प्रसंग होता, पोटापाण्याचा धंदा होता, असं म्हणाल. ठीक. मग यानाचेक या चेक संगीतकाराचं 'ग्लागोलिटिक मास' बघा, चर्चमधल्या उपासनेच्या शब्दांवरची रचना. ते ऐकून एका समीक्षकानं त्याला श्रद्धाळू म्हातारा म्हटलं, तर त्यानं उलट टपाली कळवलं की मी म्हाताराही नाही आणि श्रद्धाळू तर नाहीच. सत्तरीचा होता तेव्हा, म्हणजे पहिला दावा जरा धाडसीच.

शंकासुर

अनवट, हे माझ्याच बाजूचं झालं. भक्तिगीत लिहायला भक्ती लागत नसेल, तर भक्तीचा त्या आकारावर मालकी हक्क उरत नाही.

उलटी_तान

किंवा असं, की नास्तिकाला सुद्धा उत्तम लिहायचं झालं की प्रार्थनाच लिहावी लागते.

माझी खरी अडचण शोकाची आहे. प्रेमगीतं देवाविना चालतात, मान्य. कुणी गेल्यावर काय गायचं? डिलियस या इंग्लिश संगीतकारानं प्रयत्न केला. रेक्विएम म्हणजे खरं तर मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, पण त्याच्या 'रेक्विएम'मध्ये परलोकाला सरळ नकार आहे: मेलेला परत येत नाही, पुढे काही नाही, सृष्टी तेवढी पुन्हा बहरते. १९२२ मध्ये लंडनला पहिला प्रयोग झाला, आणि मग कितीतरी वर्षं ते जवळपास कुणी वाजवलंच नाही.

खर्जातली

साल बघा ना. महायुद्ध संपून चारच वर्षं झालेली. डिलियसनं ते युद्धात गेलेल्या तरुण कलावंतांच्या स्मृतीला अर्पण केलंय. समोर ज्यांची मुलं परत आली नाहीत असे आईबाप, आणि रंगमंचावरून सांगतायत की श्रद्धा हे स्वप्न आहे. लोक बिथरले यात संगीताचा दोष किती?

शोकासाठी जर्मन संगीतकार ब्राह्म्स आहे की. 'जर्मन रेक्विएम'मध्ये तो मेलेल्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत नाही, मागं राहिलेल्यांचं सांत्वन करतो. पहिलाच शब्द त्यांच्यासाठी आहे. आणि त्याच्याबद्दल चेक संगीतकार द्वोर्झाक हळहळून म्हणाला होता की एवढा मोठा माणूस, एवढा थोर जीव, आणि कशावरच विश्वास ठेवत नाही!

उलटी_तान

शब्द सगळे बायबलमधले आहेत.

खर्जातली

हो, पण निवडले कुणी? १८६८ मध्ये ब्रेमेनच्या कॅथेड्रलमध्ये गुड फ्रायडेला प्रयोग ठरला, तेव्हा तिथल्या संगीतप्रमुखानं ब्राह्म्सला लिहिलं होतं की यात ख्रिस्ताच्या बलिदानाचा उल्लेखच नाही, तेवढा घाला. त्यानं नम्रपणे नकार दिला. शेवटी त्या दिवशी कार्यक्रमात हँडेलच्या 'मेसाया' या ख्रिस्तावरच्या रचनेतलं, तारणहार जिवंत आहे असं सांगणारं गाणं मध्ये घुसवावं लागलं. भाविकांना नेमकं कळलं होतं काय गाळलंय ते. तुम्हाला कळत नाहीये.

निरंजन_ज्योत

मला ब्राह्म्स ऐकताना हँडेलची उणीव कधी वाटली नाही. हे मी देव मानणारी म्हणून सांगतेय, कुणाच्या खात्यावर टाकायचं ते तुम्ही ठरवा.

उलटी_तान

ब्राह्म्स मी अजून सोडत नाही. आज रात्री पुन्हा ऐकतो, मग उद्या भांडू. तोवर कुणीतरी मला एक शोकगीत द्या, शब्दही धर्मग्रंथाबाहेरचे आणि चालही. 'इमॅजिन' चालणार नाही.