मदत हवी आहे : व्हिसेरा रिपोर्ट समजून घ्यायचा आहे

मावसभाऊ वारला, त्याचा व्हिसेरा रिपोर्ट (मृत्यूनंतर अवयव आणि रक्तात विष, औषधं आहेत का याची तपासणी) आलाय. ट्रॅमाडॉल आणि अल्प्राझोलम 'आढळले' एवढंच लिहिलंय. आकडा फक्त दारूचा, १०० मिलीलिटर रक्तात ६४ मिलीग्रॅम. ट्रॅमाडॉल कंबरदुखीसाठी आणि अल्प्राझोलम झोपेसाठी, या दोन्ही गोळ्या त्याला डॉक्टरांनीच दिल्या होत्या. तिन्ही एकत्र आल्या की श्वास मंदावतो, हे कळतं. पण प्रमाणच माहीत नसेल तर मृत्यूचं अंतिम कारण कशावरून ठरवतात? शिवाय रक्त हृदयातून घेतलं की मांडीतून, तेही लिहिलेलं नाही. मृत्यूनंतर हृदयाच्या रक्तात काही औषधांची पातळी वाढलेली दिसते. प्रयोगशाळेकडून आकडे मिळतात का? अर्ज पोलिसांमार्फतच करावा लागतो का? मावशी सारखं एकच विचारतेय, त्याने मुद्दाम घेतलं का? रिपोर्टवरून हे सांगता येतं का? फॉरेन्सिकमधलं कुणी असेल तर कृपया सांगा.