डिसेंबरात गावाकडं सायकल आणि होडी, प्लॅन करावा का नाही?

प्रेषक: लातूरची वहिनी, युट्रेख्ट

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आम्ही लातूरला जायलोत. पोराला हवा भरायची कयाक सोबत न्यायचीय, इथल्या कालव्यात चालवून झाली, आता त्याला आजोबांच्या गावचं पाणी बघायचंय, आणि सायकली तिथंच कुणाच्या तरी घेऊ म्हणतो. ह्यांचं म्हणणं रोजचा रूट, मुक्काम, पंक्चरवाला सगळं एक्सेलमध्ये टाकू. मला तेच नको वाटतंय. काय बिघडलं तर बिघडलं, माणसं आहेत ना तिकडं. पण पोरगं अजून लहान आहे म्हणून विचारते, असं न ठरवता कुणी फिरलंय का?

---

प्रेषक: अंबडचा दादा, आइंडहोवन

वहिनी, एक्सेल नकोच!
मी गावी गेलो की भावाची सायकल काढतो आणि शहागडचा गोदावरीचा पूल नाहीतर पैठण, जिकडं वाटेल तिकडं निघतो. पंक्चर होणार हे धरूनच चाला. त्या दिवसांत बांधावर वेडी बाभूळ आणि गवतात वाळलेले सराटे असतात, डांबरावरून चाक खाली उतरलं की झालंच. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू फिरवा, काट्याचं टोक आत मोडून राहतं आणि नवी ट्यूब पण दहा मिनिटांत बसते. पाणी नसलं तर ट्यूब गालाजवळ धरा, हवा बरोबर लागते. पॅच, सोल्यूशन, काचपेपर आणि छोटा पंप एवढं जवळ असलं की बास.

मागं एकदा असाच ज्वारीच्या रानाकडंला चाक काढून बसलो होतो तर आतून एक आजोबा आले, काय करायलाव म्हणले, आणि मी उत्तर द्यायच्या आत आगटीकडं घेऊन गेले. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, घरी नातवंडं आणि हे दोघं म्हातारे, तर बोलायला माणूस मिळाला म्हणून आजोबा मला उठूच देईनात. आमच्या बीड-जालन्याकडं दिवाळीनंतर किती घरांना असं कुलूप लागतं हे मला आकड्यात माहीत होतं, त्या दुपारी समोर बसून ऐकलं. पंक्चर झालं नसतं तर मी त्या शेतावरून सरळ पुढं गेलो असतो.

अवकाळी पाऊस झाला तर मात्र पाणंद सोडा, डांबरी धरा. आपली काळी माती ओली झाली की मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी भरते की चाक फिरतच नाही, काडीनं काढली तरी चार पावलांवर परत तेच. सायकल खांद्यावर घ्यायची किंवा कुणाच्या ओसरीवर बसून ऊन पडायची वाट बघायची. मला ओसरी आवडते.

आता पाणी. इथं मात्र मी कडक बोलणार, कारण जमिनीवर फजिती झाली तर माणूस धावून येतो, पाण्यात मधोमध येणार कोण? नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी, तर डोक्यातून काढाच, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात पट्टकादंब न् बाकी पाहुणे पक्षी उतरलेले असतात, वनखात्याला विचारल्याशिवाय होडी घालायची नाही. तसं पण ते पाणी पसरट आणि उथळ आहे, दुपारी वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा येतात, आणि हवेची कयाक हलकी असते, पानासारखी वाहून जाते. गावच्या तलावावर पण तेच. मी एकदा पाझर तलावात सकाळी उतरलो, छान संथ पाणी, नंतर वारा फिरला आणि माघारी येताना पॅडल मारून मारून जागेवरच. मग वाऱ्याच्या तिरकं जाऊन जो काठ लागेल तिथं लागलो, हवा सोडली, कयाक पाठीला बांधली आणि गाळपेरातल्या, म्हणजे पाणी हटलेल्या गाळात पेरलेल्या, हरभऱ्याच्या कडंकडंनं चालत आलो. वाटेत तराफ्यावाले मासे धरणारे भेटले. ते दुपारी जाळं टाकतच नाहीत म्हणले, पहाटेच उरकतात. तुम्ही पण त्यांना विचारूनच उतरा, आणि लाईफ जॅकेट अंगात. हातात नाही, अंगात.

अजून एक, मोबाईलच्या नकाशात दिसतं तिथं पाणी असंलच असं नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाऊस बरा झाला असला तरी काठ सरकतो, आणि मधल्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत जातो.

---

प्रेषक: धाराशिवची ताई, द हेग

दादांचं पाण्याचं अगदी पटलं. पण "माणसं आहेत ना" हे जरा जपून. हाताला काम असलेल्या माणसाला आपण अर्धा दिवस अडकवतो, पैसे दिले तर त्यांना वाईट वाटतं, म्हणून मी पोरांसाठी वह्या-पेनं आणि घरी द्यायला काहीतरी जवळ ठेवते. आणि अंधार पडायच्या आत गाव गाठायचंच, उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाईट नसतो, त्या रस्त्यावर रात्री सायकल नको म्हणजे नको.

बाकी न ठरवता जायच्या मी पूर्ण बाजूनं आहे. एकदा आम्ही सायकलवर निघालो तर औशाच्या रस्त्याला चिटपाखरू नाही, दुकानं बंद, आणि नेमकी चेन तुटली. तेव्हा कळलं आज येळवस, म्हणजे वेळा अमावस्या! अख्खा जिल्हा शेतात. चेन हातात धरून उभ्या होतो तर एक जीप थांबली, सायकली टपावर आणि आम्ही थेट त्यांच्या रानात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झालेली, भज्जी, उंडे, मडक्यातलं आंबील, आणि त्या दिवशी वाटसरूला जेवल्याबिगर सोडतच नाहीत. जेवण झाल्यावर त्यांच्याच पोरानं ट्रॅक्टरच्या पेटीतून हातोडी काढली आणि चेनची एक कडी कमी करून जोडून दिली. गिअर जरा कमी लागत होते पण घरी पोचलो.

वहिनी, तुम्ही लातूरच्याच, तुम्हाला येळवस काय सांगायची, पण पोराला ती दाखवा.

---

प्रेषक: लातूरची वहिनी, युट्रेख्ट

दादा, ताई, दोघांचेही मेल ह्यांना वाचून दाखवले. एक्सेलमध्ये आता एकच पान राहिलंय: लाईफ जॅकेट, पंप, पॅच, चेनची जास्तीची कडी, वह्या. पोराचं म्हणणं कयाक पहाटेच काढू, आजोबांना सोबत घेऊन तळ्यावर विचारायला जाऊ. यंदा येळवशीची दर्श वेळा अमावस्या कधी आहे ते कालनिर्णय बघून कुणी सांगेल का, तिकिटं त्याच्या आधीची काढते.