बर्फातल्या मुक्कामासाठी स्लीपिंग बॅग किती उबेची घ्यावी?

हिमवाट :

गेले तीन हिवाळे मी एका दिवसाच्या स्की टूर करत आलो आहे. स्किन्स (चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला गोंदाने चिकटवायच्या पट्ट्या) लावून चढणे, खिंडीतून उतरणे आणि अंधार पडण्यापूर्वी रस्त्याला लागणे एवढे आता अंगवळणी पडले आहे. यंदा प्रथमच तंबू घेऊन दोन दिवसांचा बेत आखला आहे, म्हणून सरावासाठी गाडीपासून जवळच एक रात्र बर्फात काढून पाहिली. पहाटे तापमान उणे 14 अंशांवर उतरले होते. माझ्या बॅगवर उणे 15 हा आकडा छापलेला आहे, तरीही दोन वाजल्यानंतर मला झोप लागली नाही. पाठ आणि कंबर गार पडली होती आणि पायांना शेवटपर्यंत ऊब आली नाही. सकाळी तंबूच्या आतल्या कापडावर हिमकणांचा थर धरला होता आणि जरा धक्का लागला की तो बॅगवर भुरभुरत होता. बुटांचे लायनर, म्हणजे आतले मऊ अस्तर, लाकडासारखे कडक झाले होते, तर स्किन्सचा गोंद स्कीला धरतच नव्हता. आम्ही चौघे जाणार आहोत आणि माझी पाठपिशवी आताच 16 किलोची झाली आहे. आणखी जाड बॅग घ्यावी, की माझे दुसरेच काही चुकते आहे?

उत्तररात्र :

नवी बॅग घेण्याआधी जुन्या बॅगच्या आतली चिठ्ठी नीट वाचावी. प्रमाणित चाचणीत तीन आकडे दिले जातात. ‘कम्फर्ट’ हा सैल अंगाने पडलेल्या सर्वसाधारण स्त्रीसाठी, ‘लिमिट’ हा अंग मुडपून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषासाठी, आणि ‘एक्स्ट्रीम’ हा केवळ जीव वाचण्यापुरता असतो. पुष्कळदा बाहेर ठळक छापलेला आकडा ‘लिमिट’चा असतो. शिवाय ही चाचणी अंगात कपडे आणि खाली मॅट आहे असे धरूनच केलेली असते.

तुमची पाठ आणि कंबर आधी गार पडली, यावरून मला संशय मॅटचा येतो. अंगाखाली दबलेला पिसांचा थर जवळजवळ निकामी होतो, त्यामुळे बर्फ आणि पाठ यांच्यामध्ये खरी आडकाठी मॅटचीच उरते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती थंडी किती अडवते याचा आकडा, लिहिलेली असते. बर्फावर झोपायचे असेल तर ती 5 किंवा त्याहून अधिक असावी. दोन मॅट एकावर एक घातल्यास त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणून हवेच्या मॅटखाली फोमची एक पातळ मॅट घालणे हा जाड बॅगपेक्षा हलका उपाय आहे. हवेची मॅट रात्री फुटली तरी फोमची खाली असतेच.

दुसरा शत्रू ओल, आणि माझ्या मते थंडीपेक्षा तोच अधिक चिवट आहे. तंबूत साचलेले हिमकण म्हणजे तुमच्याच श्वासातली वाफ. वरचा झरोका आणि दाराची वरची पट्टी उणे 14 मध्येही उघडी ठेवा. तोंड बॅगच्या आत घेऊन झोपण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास श्वासातले पाणी थेट पिसांत जाते आणि दुसऱ्या रात्री तीच बॅग पहिल्या रात्रीइतकी ऊब देत नाही. ओल चढताना आलेल्या घामातूनही येते. म्हणून निघताना किंचित गारठा जाणवेल इतकेच कपडे अंगावर ठेवावेत आणि घाम फुटेल अशा वेगाने चालू नये. थांबल्यावर मात्र लगेच जाड जाकीट चढवावे.

बुटांचे लायनर काढून कोरड्या थैलीत घाला आणि बॅगमध्ये पायाशी ठेवा. स्किन्स घड्या घालून छातीशी, जाकिटाच्या आत ठेवा. गोंदाच्या बाजूवर बर्फाचे कण बसले असतील तर ते आधी झटकून मगच घडी घालावी, नाहीतर सकाळी तेच कण स्की आणि गोंद यांच्यामध्ये अडतात. तरीही गोंद धरला नाही तर स्कीचे रबरी पट्टे वापरून स्किन बांधता येते. असे दोन पट्टे प्रत्येकाजवळ असावेत.

पांढरीशुभ्र :

पाय न तापण्याचे आणखी एक कारण पोटात असते. संध्याकाळी पुरेसे खाल्ले-प्यायले नसेल तर कितीही महागडी बॅग ऊब देणार नाही, कारण बॅग उष्णता निर्माण करत नाही, ती फक्त राखते. झोपताना उकळत्या पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्यावी. आधी ती उलटी धरून झाकण गळत नाही ना हे पाहावे. सकाळी तेच पाणी प्यायला मिळते.

इंधनाचा हिशेब मात्र उन्हाळ्याप्रमाणे करू नका. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्यात तेच पाणी शून्यापासून जवळपास 80 अंशांपर्यंत तापते. भांड्याच्या तळाशी आधी थोडे पाणी घालून मगच बर्फ टाकावा, अन्यथा तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. ब्युटेन उणे अर्धा अंशाच्या खाली वायुरूप होतच नाही, त्यामुळे साधी गॅसची डबी पहाटे रुसते. द्रव इंधनाचा स्टोव्ह किंवा डबी उलटी करून चालणारा स्टोव्ह घ्यावा. आम्ही वारा असेल तेव्हा तंबूच्या ओसरीत, दोन्ही बाजू उघड्या ठेवून स्वयंपाक करतो.

कडेकपारी :

ओसरीतल्या स्वयंपाकाबाबत माझे मत वेगळे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि हिमवर्षाव होत असताना उघडी ठेवलेली बाजू नकळत बुजते. त्यापेक्षा फावड्याने कमरेइतका खड्डा खणून भिंत करावी आणि तिच्या आडोशाला स्टोव्ह लावावा. त्याला अर्धा तास लागतो आणि अंगही गरम राहते.

हिमवाट, तुम्ही तंबू नेमका कुठे लावणार आहात, हे लिहिलेले नाही. मला आधी ते कळायला हवे.

हिमवाट :

सर्वांचे मनापासून आभार. मॅटची आर-व्हॅल्यू आत्ताच पाहिली, ती 2.1 आहे. तंबूसाठी नकाशावर खिंडीच्या अलीकडची एक सपाट खोलगट जागा निवडली आहे. तिच्या वर वाटीच्या आकाराचा उतार आहे आणि नकाशावरून तो 34 अंशांचा दिसतो. तिथे वारा अजिबात लागत नाही, म्हणून ती पसंत पडली.

कडेकपारी :

ती जागा कृपा करून सोडा. थरांची हिमस्खलने बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि वारा लागत नाही याचा अर्थ वारा पलीकडून उचललेला बर्फ तिथेच आणून टाकतो. आभाळातून एक कणही न पडता रात्रभराच्या वाऱ्याने त्या वाटीत धोकादायक भर पडू शकते, आणि तुम्ही चौघे तिच्या तळाशी ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे अंगावरचे यंत्र) काढून झोपलेले असाल. पुरलेला माणूस जिवंत मिळण्याची आशा पहिल्या 10 ते 15 मिनिटांनंतर झपाट्याने कमी होते. तंबूसकट चौघेही गाडले गेले तर शोधायला बाहेर कोणीच उरणार नाही.

त्याऐवजी रुंद धारेवर किंवा दाट जुन्या झाडीत, ज्याच्या वर मोठा उतार नाही अशी जागा शोधा. वारा लागेल, पण त्याला बर्फाची भिंत हे उत्तर आहे. तंबूची जागा स्की घालूनच तुडवा आणि अर्धा तास तशीच राहू द्या, म्हणजे बर्फ घट्ट बसतो. साध्या खुंट्या तिथे टिकत नाहीत, म्हणून दोरी बर्फाने भरलेल्या पिशवीला बांधून ती आडवी पुरावी. सकाळी निघण्यापूर्वी त्या दिवसाचे हिमस्खलनाचे अनुमान पुन्हा वाचा. तिथे नेटवर्क नसेल तर आदल्या दिवशी निघतानाच दुसऱ्या दिवसासाठी सौम्य उताराची पर्यायी वाट आखून ठेवा. रात्री वारा वाहिला असेल, किंवा पायाखालचा बर्फ ‘धप्प’ असा आवाज करून खचला, तर खिंड सोडून त्याच वाटेने परतावे.

नव्या जागेचा नकाशा इथे टाकलात, तर वरचे उतार आपण मिळून मोजून पाहू.