लांबच्या प्रवासासाठी जुनी मोटारसायकल : कोणत्या इंजिनाचा स्वभाव मानवेल?

लातूर_प्रवासी
नमस्कार. येत्या हिवाळ्यात लातूरहून परळी, औंढा नागनाथ आणि वेरूळ असा प्रवास जुन्या मोटारसायकलवर करण्याचा विचार आहे. १९८९ सालची कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी सिलिंडरची) बुलेट ३५० आणि १९८७ सालची येझदी रोडकिंग, अशा दोन गाड्या पाहिल्या आहेत. दुरुस्तीसह मर्यादा एक लाख वीस हजार रुपये. ताशी ५५ ते ६५ किलोमीटर वेग मला पुरेसा आहे. दिवसभर चालवताना कोणते इंजिन कमी थकवते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. माझा उजवा गुडघा दुखरा आहे, हेही लक्षात घ्यावे.

परभणी_कास्टआयर्न
बुलेटच घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालीवर चाल, तब्बल ९० मिलिमीटर आहे. शिवाय फ्लायव्हील (फिरण्याचा जोर साठवणारे चाक) जड असल्यामुळे इंजिन फारसे न फिरवताही ती चौथ्या गिअरमध्ये चढ ओढून नेते. माझी गाडी १९८४ सालची असून दोन वेळा पंढरपूर करून आली आहे. किक मारण्यापूर्वी हळू किक दाबून अॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा) काटा मध्यावर आणावा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवावा आणि मगच पूर्ण किक मारावी. पहिल्या किकेत सुरू होते.

जालना_जुळेसिलिंडर
खरा स्वभाव पाहायचा असेल तर राजदूत ३५० पाहावी. एस्कॉर्ट्सने ती १९८३ ते १९८९ या काळात फरीदाबादला बनवली. दोन सिलिंडर, प्रत्येकी व्यास ६४ आणि स्ट्रोक ५४ मिलिमीटर, म्हणजे स्ट्रोक आखूड, त्यामुळे इंजिन जलद फेऱ्यांत आनंदाने फिरते. किंमत आपल्या मर्यादेच्या बरीच वर जाईल, परंतु मी दिलेल्या पैशांचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही.

बीड_घाटवाट
लातूरकर, येझदीसारखी टू-स्ट्रोक (क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दर फेरीला एकदा पेटणारी) गाडी घेऊन घाटात उतरण्यापूर्वी माझा अनुभव ऐका. मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात, भर दुपारी, मी अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून तिसऱ्या गिअरवर बराच वेळ उतरत राहिलो आणि इंजिन सीझ झाले, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला. येझदीसारख्या गाड्यांत तेल पेट्रोलातूनच इंजिनात जाते. अॅक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद आणि तेलही बंद, इंजिन मात्र चाकांमुळे वेगाने फिरतच राहते. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसे रोखून धरत नाही, म्हणून सारा भार ब्रेकवर येतो. आपण बुलेटच घ्यावी.

नांदेडकर_काका
परभणीकर म्हणतात ते अगदी योग्य आहे. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील हेच बुलेटचे बळ. तथापि प्रवासी गाडी म्हणजे काय, हे मला एका परिचितांची बीएमडब्ल्यू आर ६०/२ चालवल्यावर उमगले. तिचे दोन पिस्टन समोरासमोर एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, म्हणून एकाचा धक्का दुसरा शमवतो. उभ्या गाडीचा अॅक्सिलरेटर फिरवला की ती एका बाजूला किंचित कलते, पण रस्त्यावर हाताला कंप जाणवत नाही.

परभणी_कास्टआयर्न
काका, तिचा एक सुटा भाग मागवायचा म्हटले तरी विदेशाकडे पाहावे लागेल. बुलेटचा भाग आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतो.

नांदेडकर_काका
मिळतो हे खरे, पण उजव्या पायाचा गिअर आणि डाव्या पायाचा ब्रेक ही सवय आजच्या मुलांना लागणार कशी? भररस्त्यात घाईच्या क्षणी पाय चुकतो, हे मी माझ्याच मुलाच्या बाबतीत पाहिले आहे.

परभणी_कास्टआयर्न
आठवड्यात सवय होते. माझ्या पत्नीलाही झाली.

धाराशिव_कार्ब्युरेटर
कोणतीही घ्या, पण आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगवते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिकामा करून ठेवावा. आरसी बुकावरील चासी आणि इंजिन क्रमांक स्वतः ताडून पाहावेत, आणि १५ वर्षांनंतरची पुनर्नोंदणी अजून चालू आहे का, हे पैसे देण्यापूर्वीच तपासावे.

लातूर_प्रवासी
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दोन्ही गाड्या औशाच्या रस्त्यावर चालवल्या. बुलेट ५० पर्यंत अतिशय शांत आणि भारदस्त चालली, तिचा तो सावकाश ठोका मला फार आवडला. परंतु ६० च्या पुढे अर्ध्या तासात तळहातांना मुंग्या आल्या. येझदीचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर, आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होत असल्यामुळे तिची ओढ अखंड वाटते. ६० ला ती तक्रार न करता चालली. शिवाय बुलेटची किक उजव्या पायाची, येझदीची डाव्या पायाची, आणि माझ्या गुडघ्याला हाच फरक सर्वांत मोठा आहे. म्हणून येझदी घेत आहे. बीडकर, उतारावर मी दर थोड्या वेळाने क्लच दाबून अॅक्सिलरेटर देत जाईन.

बीड_घाटवाट
ते अवश्य करा, आणि दुपारी बारा ते चार घाट टाळा.

परभणी_कास्टआयर्न
निर्णय मला पटलेला नाही. परळीहून औंढ्याला जाताना परभणीत थांबा. माझी बुलेट पुन्हा एकदा चालवून पाहा, आणि जेवूनच पुढे निघा.