साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आणि हक्कसोड : सही करू का?

घणसोलीची लेक : रविवारी भाऊ आला. हातात जिताडा, काखेत फाईल. "ताई, सिडकोने घेतलेल्या आपल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचं काम अडलंय, इथे सही कर." वर ठळक अक्षरात 'हक्कसोड पत्र'. वडील 2001 मध्ये गेले, माझं लग्न 1991 चं. भाऊ म्हणतो, लग्न झालेल्या मुलींना कायद्यात काही नाही. खरं का?

कळव्याचा कारकून : अर्धं खरं, तेही जुनं. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण 22 जून 1994 आधी लग्न झालेल्या वगळल्या. तुम्ही तिथेच अडकलात. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. वडील 2005 ला हयात नसले तरी हक्क राहतो, हे सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. फक्त 20 डिसेंबर 2004 आधी रजिस्टर वाटणी झाली होती का, ते बघा. आणि जमीन वडिलांच्या स्वकमाईची असेल, तर 1956 पासूनच मुलगी बरोबरीची वारस.

ऐरोलीकर : कायदा ठीक, पण माहेर तुटतं हो. माझ्या आईने सही केली, तरी पुढे दिवाळीची साडी आलीच नाही!

कळव्याचा कारकून : नुसत्या नोटरीवर हक्कसोड होत नाही, रजिस्ट्रेशन लागतं. म्हणजे निबंधकासमोर अंगठा देईपर्यंत वेळ आहे.

घणसोलीची लेक : वाटणी कधीच झाली नाही. फाईल ठेवून घेतलीय. जिताडा मात्र खाल्ला.