अल्पदृष्टी असलेल्या मुलीने महाविद्यालयात आपली बाजू स्वतः मांडावी, यासाठी कोणती तयारी करून घ्यावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मुलीला जन्मापासून अल्पदृष्टी आहे. तिच्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र) दोन्ही आहे. यंदा ती बारावी उत्तीर्ण झाली असून आता पुण्यात वसतिगृहात राहून कला शाखेची पदवी घेणार आहे. आजवर पहिल्या बाकावरची जागा असो, बोर्डाच्या परीक्षेतला वाढीव वेळ असो किंवा सहलीत तिच्याबरोबर कोण असेल हा प्रश्न असो, शाळेत जाऊन बोलण्याचे काम मी किंवा तिच्या बाबांनी केले. महाविद्यालयात प्रवेश घेताना खिडकीवरच्या लिपिकाने "हिला कितपत दिसतं?" असे मला विचारले. ती शेजारीच उभी होती, पण तिनेही उत्तरासाठी माझ्याकडेच पाहिले.

ती अबोल मुळीच नाही. घरी वाद घालते, वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसे मिळवते. मात्र स्वतःच्या दृष्टीचा विषय निघाला की "चालेल", "होईल" एवढ्यावर थांबते. वर्ग सुरू व्हायला अजून काही आठवडे आहेत. या काळात तिच्याकडून कशाचा सराव करून घ्यावा, कायद्याची माहिती तिला कितपत असावी, आणि कोणी नकार दिला तर तिने काय करावे, याविषयी स्वतः दिव्यांग असलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

ठळक अक्षर

ताई, मला स्वतःला अल्पदृष्टी आहे आणि मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा विद्यार्थ्यांत धिटाईची उणीव मला क्वचितच आढळते. आपल्याला नेमके काय लागते, हे शब्दांत सांगण्याची वेळच त्यांच्यावर आलेली नसते, आणि अडचण तिथे होते. "मला कमी दिसते" या वाक्यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. ते ऐकून एखादा तिला हात धरून जिना चढवायला निघेल, तर दुसरा तिला मोबाइल वाचताना पाहून हिला काही अडचण नाही असे ठरवून टाकील. म्हणून तिने आपल्या दृष्टीविषयी सांगताना टक्केवारीपेक्षा कामे सांगावीत: फळ्यावरचे दिसत नाही, पण छापील मजकूर अमुक आकारात वाचता येतो, खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखता येत नाही, उतरताना पायरीची कड कळत नाही, चढताना कळते.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ते दर परीक्षेत घडते. तिने "प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत हवी" एवढेच म्हटले, तर परीक्षा विभाग ए-फोर कागदाची ए-थ्रीवर झेरॉक्स काढून देईल आणि आपण सोय केली असे प्रामाणिकपणे मानील. त्यात अक्षर जेमतेम १.४ पट होते, म्हणजे १२ पॉइंटचा (पॉइंट हे छापील अक्षराच्या आकाराचे माप) मजकूर १७ पॉइंटचा होतो. रेषा फिकट पडतात आणि कागद एवढा मोठा होतो की उत्तरपत्रिकेसह तो बाकावर मावत नाही. तिला २४ पॉइंट लागत असतील, तर "मूळ फाइलमध्येच अक्षर २४ पॉइंट आणि ठळक करून ए-फोर कागदावर एका बाजूने छापावी" असेच सांगावे लागेल. हा आकडा तिने घरीच काढावा. एकच उतारा १६, १८, २०, २४ आणि २८ पॉइंटमध्ये छापून घ्यावा आणि प्रत्येक आकारात निदान अर्धा तास वाचावे. पहिल्या पाच मिनिटांत लहान अक्षरही वाचता येते. डोळे शिणतात ते नंतर, आणि परीक्षा तर तीन तासांची असते.

दुसरा सराव बोलण्याचा. तो घरात आरशासमोर करण्यापेक्षा बँकेत, औषधाच्या दुकानात, एसटीच्या आगारात सवलतीच्या पासाची चौकशी करताना केलेला बरा, कारण तिथली माणसे अनोळखी असतात आणि चुकले तरी काही बिघडत नाही. तुम्ही सोबत असाल आणि प्रश्न तुमच्याकडे आला, तर "तिलाच विचारा" एवढे म्हणून थांबावे. वर्गात "सगळ्यांना दिसतंय ना?" या प्रश्नाला चाळीस जणांबरोबर तीही "हो" म्हणणार, हे धरूनच चालावे. त्यापेक्षा तिने पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकांना तासाआधी दोन मिनिटे भेटावे आणि दोनच गोष्टी मागाव्यात: फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने वाचावे आणि स्लाइड आदल्या दिवशी पाठवाव्यात. बहुतेक प्राध्यापक या गोष्टी आनंदाने करतात. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आवक-जावक

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण तोंडी बोलणे लेखी नोंदीवाचून टिकत नाही, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. प्राचार्य बदलतात, परीक्षा विभागातील कर्मचारी बदलतात आणि नव्या माणसाला आधीचे काही ठाऊक नसते. तिने पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि ती प्रत जपून ठेवावी.

कायद्यातील सर्व कलमे पाठ करण्याची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या वैयक्तिक गरजेप्रमाणे वाजवी सोयी देणे अपेक्षित आहे, तर कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीतील बदल, वाढीव वेळ आणि लेखनिक (परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती) यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास मिळायला हवेत. लेखनिकाच्या नियमांत बदल होत असतात, म्हणून विद्यापीठाचे त्या वर्षीचे परिपत्रक तिने स्वतः वाचावे.

एक निकाल मात्र तिला जरूर माहीत असावा. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीत अडकवता येणार नाही असे ठरवले. अर्जदाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले आहे की कोणती सोय द्यावी, हे प्रत्येक व्यक्तीपुरते आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून ठरवले पाहिजे. आपल्या लेकीच्या दृष्टीने हा भाग फार मोलाचा आहे, कारण सोय ठरवताना तिचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो.

नकार आल्यास तो लेखी मागावा. त्यानंतर विद्यापीठाकडे, आणि तिथेही दाद न मिळाल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांनी शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवायची असते.

गोदावरीची लेक

माझा मुलगा २३ वर्षांचा असून बौद्धिक दिव्यांग आहे. वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी ते वाचताना मला एका गोष्टीची काळजी वाटली. ज्याला अर्ज लिहिता येतो आणि कलमे सांगता येतात, त्यालाच आपली बाजू मांडता येते, असा समज त्यातून होऊ नये. आपली बाजू आपणच मांडण्याची चळवळ उभी करण्यात बौद्धिक दिव्यांग माणसांचा फार मोठा वाटा आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९७४ मध्ये अशा माणसांनी एकत्र येऊन 'पीपल फर्स्ट' या नावाने आपली संघटना बांधली. आम्ही आधी माणसे आहोत, हे त्यांना नावातूनच सांगायचे होते. आपल्या २०१६ च्या कायद्यातही कलम १३ ने दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता दिली आहे आणि कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची व्याख्या करताना निर्णय पालक आणि दिव्यांग व्यक्ती या दोघांनी मिळून, परस्पर विश्वासाने घ्यायचा असे म्हटले आहे.

माझा मुलगा मोजकेच शब्द बोलतो. त्याच्याकडे चित्रांची कार्डे आहेत, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर कुठे दुखते व किती दुखते हे तो त्यांवर बोट ठेवून सांगतो. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ डॉक्टरांनी आणि मी गप्प बसायचे, हे आम्ही दवाखान्यात पहिल्या भेटीतच ठरवून घेतले. "नाही" म्हणण्याचा सराव आम्ही सर्वांत जास्त केला, आणि तो केवळ कपडे किंवा जेवण निवडण्यापुरता ठेवला नाही. नको असलेला स्पर्श, नको असलेली मदत यांनाही नकार देता आला पाहिजे. ताई, तुमची लेक वसतिगृहात राहणार आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. रस्ता ओलांडताना न विचारता दंड धरणाऱ्या माणसाला "थांबा, मीच तुमचा हात धरते" असे स्पष्ट सांगणे, हीसुद्धा तिची बाजू मांडणेच आहे.

शिवाय काही दिवस तिला बोलावेसे वाटणार नाही, आणि तेही ठीक आहे. प्रत्येक दारात दरवेळी नव्याने समजावून सांगण्याचा थकवा फार असतो. त्या दिवशी तिने कोणाला आपल्या वतीने बोलायला सांगायचे, हे तिने स्वतः निवडावे, म्हणजे त्या दिवसाचा निर्णयही तिच्याच हाती राहतो.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मुलीने हे सर्व प्रतिसाद स्वतः वाचले आणि अक्षरांचे आकार छापून आणून वाचून पाहिले. तिला २२ पॉइंट पुरेल असा माझा अंदाज होता; तिने २६ सांगितले. तिच्या अर्जातील मुख्य परिच्छेद तिच्याच संमतीने येथे देत आहे:

"मला अल्पदृष्टी आहे. मी छापील मजकूर वाचून आणि स्वतःच्या हाताने उत्तरे लिहून परीक्षा देऊ शकते. मला लेखनिक नको आहे. शक्य असल्यास मला प्रश्नपत्रिका २६ पॉइंटच्या ठळक अक्षरांत, मूळ फाइलमधून छापलेली, आणि दर तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळावा. माझी बैठक खिडकीकडे पाठ येईल अशी असावी."

ठळक अक्षर

अर्ज चांगला उतरला आहे, विशेषतः "लेखनिक नको" हे तिने आपणहून लिहिले ते फार योग्य झाले, कारण ते न लिहिल्यास परीक्षा विभाग लेखनिक देऊन मोकळा होतो. दोन बदल सुचवतो. "शक्य असल्यास" हे शब्द काढावेत. आणि २६ पॉइंटमध्ये छापलेले एक नमुना पान अर्जाला जोडून, तशाच छपाईची एक चाचणी प्रत परीक्षेच्या महिनाभर आधी आपल्याला दाखवावी, अशी विनंती शेवटी घालावी. प्रत पाहायला तिने एकटीने जावे.